ताळेबंदात न दिसणारा खेळाडू

दीपावलीला व्यापारी घरांत नव्या वह्यांचे पूजन होते, जुन्या वह्या बंद होतात आणि शिल्लक पुढे ओढली जाते. काय पुढे ओढायचे आणि काय कायमचे खर्ची टाकायचे, हा निर्णय त्या वेळी घ्यावाच लागतो. यंत्र, वाहन किंवा फर्निचर यांच्या बाबतीत तो सोपा असतो, कारण घसाऱ्याचे दर ठरलेले असतात. माणसांच्या बाबतीत मात्र असा तक्ता कोणी दिलेला नाही. म्हणूनच ज्या एका व्यवसायात माणसासाठी मोजलेली किंमत खरोखरच मालमत्ता म्हणून वहीत लिहिली जाते, त्याच्याकडे पाहणे उद्बोधक ठरते. तो व्यवसाय म्हणजे इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉल.

तेथील पद्धत थोडक्यात अशी. एखाद्या क्लबने दुसऱ्या क्लबकडून 4 कोटी पौंड देऊन खेळाडू घेतला आणि त्याच्याशी चार वर्षांचा करार केला, तर ती रक्कम त्याच वर्षी खर्ची पडत नाही. ती अमूर्त मालमत्ता म्हणून ताळेबंदात येते आणि दरवर्षी 1 कोटी याप्रमाणे कमी होत जाते. चौथ्या वर्षअखेरीस वहीतील किंमत शून्य होते. मध्येच त्या खेळाडूला कारकीर्द संपवणारी दुखापत झाली, तर उरलेली किंमत त्याच वेळी खर्ची टाकावी लागते. जो खेळाडू क्लबच्याच अकादमीत लहानाचा मोठा झाला, त्याची तर वहीत किंमतच नसते, कारण त्याच्यासाठी कोणाला पैसे मोजलेले नसतात. पगार मात्र सर्वांचाच दर आठवड्याला खर्चात पडतो.

आता तिशी ओलांडलेला, वर्षानुवर्षे क्लबसाठी खेळलेला आणि दुखापतींनी जर्जर झालेला खेळाडू घ्या. वहीत त्याची किंमत शून्य आहे आणि पगार मोठा आहे. शिवाय प्रीमियर लीगमध्ये 21 वर्षांवरील जास्तीत जास्त 25 खेळाडूंचीच नोंदणी करता येते, त्यामुळे त्या यादीतील एक जागाही तो अडवून बसतो. कोरा हिशेब एकच सल्ला देईल, तो म्हणजे त्याला मोकळे करावे. हा सल्ला कधी बरोबर ठरतो आणि कधी चुकतो, हे तीन उदाहरणांवरून पाहता येते.

पहिले उदाहरण पॉल मॅकग्रा या आयरिश बचावपटूचे. 1989 मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला सुमारे 4 लाख पौंडांना ॲस्टन व्हिला या क्लबला विकले. तो तिशीच्या उंबरठ्यावर होता आणि त्याच्या गुडघ्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. मद्याचे व्यसनही होते, आणि ते त्याने पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. विकणाऱ्याने जोखीम पाहिली व तो व्यवहार उरकला; तो निर्णय अविचाराचा होता असेही म्हणता येत नाही. पण घेणाऱ्याने एक वेगळी गोष्ट केली. इतरांप्रमाणे रोज सराव करण्याची सक्ती त्याच्यावर केली नाही. त्याचे गुडघे सामन्यासाठी राखून ठेवले. परिणाम असा झाला की तो सात वर्षे व्हिलाकडून खेळला. 1993 मध्ये इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू निवडले. 1994 च्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात व्हिलाने मँचेस्टर युनायटेडलाच 3–1 असे हरवले, तेव्हा व्हिलाच्या बचावफळीत मॅकग्रा होता. माणूस तोच आणि गुडघेही तेच होते. एका क्लबने त्याच्यात काय उरले नाही ते मोजले आणि दुसऱ्याने काय उरले आहे ते मोजले.

दुसरे उदाहरण टॉटनहॅम हॉटस्परच्या लेडली किंगचे. तो याच क्लबच्या अकादमीत घडला, 1999 मध्ये पहिला सामना खेळला, पुढे कर्णधार झाला आणि 2008 मध्ये क्लबने लीग चषक जिंकला. त्याच्या एका गुडघ्यातील कूर्चा झिजून नाहीशी झाली होती आणि त्यावर इलाज उरला नव्हता. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत तो सहकाऱ्यांबरोबर सराव करीत नसे. व्यायामशाळेत किंवा पाण्यात थोडा व्यायाम करून तो थेट सामन्याला उतरे, आणि सामन्यानंतर गुडघ्याची सूज उतरण्याची वाट पाहावी लागे. प्रशिक्षक हॅरी रेडनॅप यांनी ही व्यवस्था लपवली नाही. 2009–10 च्या हंगामात लीगच्या 38 सामन्यांपैकी किंग 20 सामने खेळला. त्या वर्षी टॉटनहॅम चौथ्या क्रमांकावर आला आणि प्रथमच युरोपातील चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत पोहोचला. पुढच्या हंगामात तो मोजकेच सामने खेळू शकला व संघ पाचव्या क्रमांकावर घसरला. अशा खेळाडूकडून क्लबला वर्षाचे निम्मे सामने मिळतात. पण ते कोणते निम्मे असतील, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. त्याच्यावर विसंबून वर्षाचे नियोजन करणे धोक्याचे असते ते म्हणूनच.

तिसरे आणि सर्वांत बोलके उदाहरण मँचेस्टर सिटीच्या विन्सेंट कोम्पनीचे. हा बेल्जियन बचावपटू 2008 मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्ग क्लबकडून आला आणि 2011 मध्ये कर्णधार झाला. अकरा हंगामांत तो सर्व स्पर्धा मिळून 360 सामने खेळला. क्लबचे एकूण सामने पाहिले तर हा आकडा मोठा नाही. पोटरी आणि मांडीचे स्नायू त्याला वारंवार दगा देत राहिले. शेवटच्या दोन हंगामांत तर तो लीगचे निम्मे सामनेही खेळला नाही. तरीही क्लबने त्याला ठेवले आणि कर्णधारपदही त्याच्याकडेच राहू दिले.

2018–19 च्या हंगामाअखेर मँचेस्टर सिटी व लिव्हरपूल यांच्यात विजेतेपदाची अटीतटीची शर्यत चालू होती. 6 मे 2019 रोजी सिटीचा सामना लेस्टरशी होता. सत्तर मिनिटे झाली तरी गोल होत नव्हता. चेंडू कोम्पनीच्या पायाशी आला तेव्हा तो गोलपासून सुमारे 25 यार्डांवर होता. इतक्या लांबून गोल करण्याची त्याची ख्याती नव्हती. त्याने तेथून मारू नये असेच आपल्या मनात होते, असे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला यांनी सामन्यानंतर हसत कबूल केले. कोम्पनीने मारलेला चेंडू जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि सिटीने सामना 1–0 असा जिंकला. हंगाम संपला तेव्हा सिटीचे 98 गुण होते आणि लिव्हरपूलचे 97. लेस्टरविरुद्ध बरोबरी झाली असती तर सिटीचे 96 गुण झाले असते आणि विजेतेपद लिव्हरपूलकडे गेले असते. ज्याची वहीतील किंमत कधीच संपली असावी, त्या पायाने वर्षभराच्या कष्टांचे चीज केले.

एका गोलावरून सिद्धांत मांडणे मात्र योग्य नव्हे. तो योगही असू शकतो. कोम्पनीच्या मूल्याचा खरा अंदाज तो गेल्यावर आला. 2019 च्या उन्हाळ्यात तो अँडरलेख्ट या आपल्या जुन्या क्लबकडे परतला आणि सिटीने त्याच्या जागी दुसरा मध्यवर्ती बचावपटू घेतला नाही. ऑगस्टअखेर आयमेरिक लापोर्त हा प्रमुख बचावपटू जायबंदी झाला आणि फर्नांडिन्हो या मध्यरक्षकाला मागे खेळवण्याची वेळ आली. आदल्या हंगामात लीगमध्ये सिटीवर 23 गोल झाले होते, या हंगामात 35 झाले. नऊ सामने हरले आणि सिटी लिव्हरपूलच्या 18 गुण मागे राहिली. या घसरणीचे सारे खापर कोम्पनीच्या जाण्यावर फोडणे अन्यायाचे होईल. लापोर्तची दुखापत हे मोठे कारण होते. पण संकटाच्या वेळी आधाराला उभा राहणारा जाणता माणूस त्या वर्षी संघात नव्हता, हेही तितकेच खरे. पुढच्या वर्षी क्लबने रुबेन डियास या तरुण बचावपटूसाठी 6 कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजली आणि विजेतेपद परत मिळवले. रिकाम्या झालेल्या जागेची किंमत अशी कळते.

या तीन उदाहरणांतून जायबंदी जुन्या खेळाडूचे मूल्य तीन प्रकारचे दिसते. पहिले, मोजक्या पण निर्णायक दिवशी तो देतो ती कामगिरी. दुसरे, तो तरुणांना देतो ती शिकवण. पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये कसे बसावे, पंचांशी कसे बोलावे, हे नियमपुस्तिकेत नसते. ते ज्येष्ठाकडे पाहूनच उमगते. तिसरे मूल्य सर्वांत कमी दिसते. क्लब एका जखमी माणसाशी कसा वागतो, हे बाकीचे चोवीस जण पाहत असतात. उद्या आपला गुडघा गेला तर आपले काय होईल, याचे उत्तर त्यांना त्यातून मिळते आणि त्या उत्तरावर त्यांची निष्ठा ठरते.

नावेची बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. जुन्याच्या प्रेमापोटी तरुणाला संधी नाकारली गेली, तर ते नुकसानच आहे. म्हणून शहाणे क्लब काही पथ्ये पाळतात. जुन्या खेळाडूच्या जागी खेळणारा दुसरा माणूस ते आधीच तयार ठेवतात. आर्सेन वेंगर यांच्या काळात आर्सेनल क्लब तिशी ओलांडलेल्या खेळाडूंशी एकेका वर्षाचाच करार करीत असे. त्यात अनादर नव्हता, दरवर्षी नव्याने हिशेब मांडण्याची सोय होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खेळाडूने स्वतः खरे सांगावे लागते. दुखत असताना दुखत नाही असे सांगून मैदानात उतरणारा वीर संघाचा घात करतो आणि स्वतःच्या देहाचाही. किंगने वयाच्या एकतिसाव्या वर्षी, 2012 मध्ये, खेळ थांबवला. वेदनाशामक औषधांच्या जोरावर आणखी एक-दोन वर्षे ओढता आलीही असती, पण थांबण्याची वेळ ओळखणे हाही मूल्याचाच भाग आहे. क्लबने त्यानंतर त्याला आपला सदिच्छादूत म्हणून सन्मानाने जवळ ठेवले.

येथे फुटबॉलचा हिशेब संपतो आणि आपल्या परंपरेचा हिशेब सुरू होतो. जैन दर्शनात वैयावृत्त्य हे अभ्यंतर तपाच्या सहा प्रकारांपैकी एक मानले आहे. ज्यांची सेवा करावी अशा दहा जणांची गणना तत्त्वार्थसूत्रात आहे आणि त्यांत आचार्य व उपाध्याय यांच्याबरोबर ‘ग्लान’ म्हणजे रोगपीडित साधूचाही समावेश आहे. ही सेवा तो साधू बरा होऊन काही उपयोगी पडेल म्हणून सांगितलेली नाही. त्यातील भाव उपयुक्ततेच्या पलीकडचा आहे. म्हणून प्रत्येक पेढीने दोन खाती वेगळी ठेवावीत, एक मूल्याचे आणि एक कर्तव्याचे.

गुडघे दुखतात म्हणून गोदामाचा जिना चढू न शकणारा मुनीम बहुतेक पेढ्यांत असतो. संगणकावर त्याचा हात चालत नाही, पण कोणता ग्राहक कोणत्या हंगामात उधारी थकवतो आणि कोणाच्या वडिलांनी दुष्काळातही शब्द पाळला होता, हे त्याला पाठ असते. मूल्याच्या खात्यात त्याच्याविषयी विचारायचे प्रश्न साधे आहेत. त्याला जिन्यापासून सुटका देऊन अर्धा दिवस गादीवर बसवता येईल का? मोठ्या खरेदीच्या व वसुलीच्या दिवशी त्याचा सल्ला घेतला जातो का? घरातील तरुण मुलगा रोज तासभर त्याच्याजवळ बसतो का? त्याच्या मागे काम सांभाळणारा दुसरा तयार होत आहे का? पगार किती आणि कोणत्या कामाचा, हे त्याच्याशी स्पष्ट बोलले गेले आहे का? ही उत्तरे नीट मिळाली तर असे आढळेल की ज्याला आपण दयेने पोसतो असे वाटत होते, तोच पेढीला देणे देत आहे.

आणि कधीतरी असाही दिवस येईल की मूल्याच्या खात्यात खरोखरच काही उरणार नाही. आठवण पुसट होईल, हात थरथरेल. त्या दिवशी दुसरे खाते उघडावे. औषधपाण्याची तरतूद, दरमहा ठरलेली रक्कम आणि सणाला घरी जाऊन केलेली विचारपूस, या नोंदी त्या खात्यात याव्यात. त्यांना परतफेडीची अपेक्षा जोडू नये.

कोम्पनीच्या सन्मानार्थ सप्टेंबर 2019 मध्ये मँचेस्टरमध्ये एक सामना झाला. स्नायूच्या दुखापतीमुळे तो स्वतःच्या सन्मानाच्या सामन्यातही खेळू शकला नाही. त्या सामन्याचे उत्पन्न त्याने शहरातील बेघरांसाठी दिले. मैदानाबाहेर बसूनही माणूस किती देऊ शकतो, हे त्या संध्याकाळी मँचेस्टरने पाहिले.