नाव सांगितले, पण ओळख पटली का?

१८ ऑगस्ट २०२२ रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत माणूस कोणी नाही, पण एके-४७ रायफली आणि काडतुसे होती. रायगडचा माणूस दचकला. ते साहजिकच होते. याच तालुक्यातल्या शेखाडीला फेब्रुवारी १९९३ मध्ये आरडीएक्स उतरले होते. संध्याकाळ व्हायच्या आत अनेकांनी त्या बोटीचा देशही मनातल्या मनात ठरवून टाकला. प्रत्यक्षात बोट निघाली एका ऑस्ट्रेलियन महिलेची! मस्कतहून युरोपला जाताना इंजिन बंद पडले, माणसांना कोरियन युद्धनौकेने वाचवले आणि रिकामी बोट वाहत वाहत आपल्या दारात आली.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला अशा प्रसंगी आपले जुने धडे आठवतात. पूर्वी खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. सही नमुन्याशी ताडून पाहिली जाई. एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीशी जुळली, तरच मेळ बसला म्हणायचे. नुसत्या कागदावर भिस्त ठेवायची नाही; कारण लबाडाचे कागद नेहमीच नीटनेटके असतात. गबाळे कागद घेऊन येतो, तो बहुधा साधाभोळा माणूस असतो.

अपहरणकर्त्यांच्या बाबतीत हेच दिसते. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला नेणारे पाचजण एकमेकांना चीफ, डॉक्टर, बर्गर, भोला आणि शंकर म्हणत. त्यांची खरी नावे आणि पाकिस्तानी नागरिकत्व ६ जानेवारी २००० रोजी गृहमंत्री लालकृष्ण अडवाणी यांनी जाहीर केले. धागा सापडला होता तो आपल्या मुंबईत, त्यांच्या साथीदारांच्या अटकेतून. तरीही २०२४ मध्ये या घटनेवरची मालिका आली, तेव्हा भोला-शंकरवरून वादळ उठले आणि सुरुवातीच्या सूचनेत खरी नावे घालावी लागली. खोट्या नावाचे आयुष्य असे चिवट असते.

पुढे नोव्हेंबर २००८. पोरबंदरच्या 'कुबेर' या मच्छीमार बोटीचे भर समुद्रात अपहरण झाले, तिच्यावरचे खलाशी मारले गेले आणि दहाजण २६ तारखेला मुंबईत उतरले. जिवंत सापडलेल्या अजमल कसाबजवळ हैदराबादच्या महाविद्यालयाचे ओळखपत्र होते. त्यावर नाव होते समीर दिनेश चौधरी. तोही गोळीबारात मेला असता, तर त्या कार्डाने किती घोटाळा केला असता, याची कल्पनाच करवत नाही.

कार्ड खोटे ठरले ते अनेक वह्यांचा मेळ घातल्यामुळे. 'कुबेर'वर जीपीएस यंत्र, सॅटेलाइट फोन आणि पाकिस्तानी बनावटीच्या रोजच्या वापरातल्या वस्तू सापडल्या. हल्ला चालू असताना सूत्रधारांचे फोन ध्वनिमुद्रित झाले. कसाबने कबुली दिली, मग फिरवली. आपण सिनेमाच्या ओढीने मुंबईत आलो होतो, असेही न्यायालयात सांगून पाहिले. वय कमी असल्याचा दावा केला, तर वैद्यकीय तपासणीत तो वीस वर्षांवरचा निघाला. एका जबानीवर भिस्त ठेवली असती, तर ती फिरवताच सारा खटला डळमळला असता. पाकिस्तानने आधी कानांवर हात ठेवले, पण ७ जानेवारी २००९ रोजी कसाब आपला नागरिक असल्याचे त्यालाही मान्य करावे लागले. रबरी होडीचे इंजिन जपानहून लाहोरमार्गे कराचीच्या दुकानात पोहोचले होते, हे तर तिथल्याच तपास यंत्रणेचे माजी प्रमुख तारिक खोसा यांनी २०१५ मध्ये लिहिले.

या खटल्याची दुसरी बाजू आपण फारशी आठवत नाही. ज्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कसाबची फाशी कायम केली, त्यानेच नकाशे पुरवल्याचा आरोप असलेल्या दोन भारतीयांची सुटकाही कायम केली. पुरावा पुरा पडला नाही, म्हणून. ओळख पटवण्याचे काम असे दुधारी आहे. नीट केले तर गुन्हेगार निसटत नाही आणि संशयाखाली आलेला माणूस केवळ संशयापायी भरडला जात नाही.

त्या हल्ल्यानंतर आपल्या किनाऱ्यावर मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, होड्यांची नोंदणी कडक झाली. हे हवेच होते. पण 'कुबेर' ही भारतीयच बोट होती, हे विसरून चालणार नाही. आणि शेखाडीचा माल गेला, तो कागद कमी पडले म्हणून नव्हे. ज्यांनी अडवायचे, त्यांनीच डोळे मिटले. काही पोलीस आणि कस्टमचे अधिकारी त्यात दोषी ठरले.

बधवार पार्कच्या वस्तीतल्या लोकांनी त्या रात्री दहा अनोळखी तरुणांना हटकले होते. त्यांना उडवाउडवीची उत्तरे मिळाली. आपली होडी कोणती आणि परकी कोणती, हे कोळ्याला लांबून कळते. तो जुन्या खातेदारासारखा आहे. त्याचा शब्द ऐकून घेणारा आणि तत्काळ ताडून पाहणारा माणूस चौकीत हवा. त्याच कोळ्याचे वा बागवाल्याचे नाव ऐकूनच कोणी त्याला संशयित ठरवू लागले, तर उद्या तो तोंड उघडणार नाही. मग किनाऱ्यावर कार्डे राहतील, पण ओळख देणारा कोणी उरणार नाही.