मोटारींतील वारा कां मंदावतो?

वैशाख लागला कीं खानदेशांत सूर्यनारायणास पहांटेसच अर्घ्य देऊन मोकळें व्हावें. पुढें दिवसभर त्याच्याकडे मान वर करून पाहवत नाहीं. जळगांव व धुळें येथें पारा 45 अंशांच्या आसपास जातो, आणि नेमक्या त्याच दिवसांत लग्नें-मुंजी असल्यामुळें एरंडोल-पारोळ्याच्या महामार्गावरून वृद्ध व तान्हीं मुलें घेऊन मोटारी धांवत असतात. अशा प्रवासांत गाडींतील गार वारा बंद पडला तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून या खेपेस त्याविषयीं चार शब्द लिहितों.

वैद्यकांत आधीं निदान, मग चिकित्सा. येथेंही तोच क्रम हवा. वारा कमी येतो, कीं पुरेसा येऊनही गार लागत नाहीं, हें प्रथम पाहावें. दोहोंचीं कारणें भिन्न आहेत. आमच्या एका स्नेह्यांच्या गाडींत वाराच मंद येत होता. दुरुस्तीवाल्यानें गॅस भरला, पैसे घेतले. वारा होता तेवढाच राहिला. दोष होता वारा गाळणाऱ्या फिल्टरचा.

हा फिल्टर बहुतेक गाड्यांत चालकाच्या डाव्या हातास असलेल्या खणामागें बसविलेला असतो. आमच्याकडील धूळ व कापसाचे तंतु त्यांत दाटून बसतात. पंख्याचा आवाज मोठा आणि वारा थोडा, हें त्याचें लक्षण. तो वर्षांतून एकदां तरी बदलावा. समोरच्या काचेखालच्या जाळीवर निंबाचा पाला साचला असल्यास तोही काढावा.

इतर लक्षणें अशीं : पंखा केवळ सर्वांत मोठ्या वेगावर फिरत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. मुळींच फिरत नसेल, तर आधीं फ्यूज पाहावा. आरंभीं जोराचा वारा अर्ध्या तासानें मंदावून, ए.सी. कांहीं वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत् होत असेल, तर आंतील थंड नळ्यांवर बर्फ धरतो असें समजावें. तुंबलेला फिल्टर वा कमी झालेला गॅस हीं त्याचीं नेहमींचीं कारणें. वारा पायांशींच येऊन तोंडावर येत नसेल, तर दिशा बदलणारी झडप अडकली आहे. गाडी धांवतांना गारवा आणि उभी राहतांच उष्मा, असें असल्यास पुढील कंडेन्सरचा पंखा तपासून घ्यावा.

उन्हांत तापलेल्या गाडीच्या काचा प्रथम उघडून ऊन हवा बाहेर जाऊं द्यावी. मग काचा लावून आंतलीच हवा फिरवावी. दूरच्या प्रवासांत मात्र मधून मधून बाहेरची हवा घ्यावी. कोंडलेल्या हवेंत चालकास झांपड येते.

एक गोष्ट विसरूं नये. उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडींत पहिल्या 10 मिनिटांतच उष्णता सुमारें 10 अंशांनीं वाढते. काच बोटभर उघडी ठेवल्यानें फारसा फरक पडत नाहीं. ‘दोन मिनिटांत येतों’ म्हणून निजलेल्या बाळास किंवा आजोबांस गाडींत ठेवून कोणीही दुकानांत शिरूं नये.

येत्या रविवारीं घरांतील मोठ्या मुलाकडून अथवा मुलीकडून तो फिल्टर बाहेर काढवून पाहावा. त्यावरचा धुळीचा थर पाहिल्यावर अधिक सांगण्याची गरज उरणार नाहीं.