बाळंतिणीला न विचारलेला प्रश्न

बाळंतपणाला तीन-चार महिने झालेले असतात. बाळ बाळसे धरू लागलेले असते, बाळंतीण माहेराहून सासरी परतलेली असते. एक दिवस पाण्याचा हंडा उचलताना किंवा साधी शिंक आली म्हणून लघवीचे चार थेंब सुटतात. ती दचकते, कपडे बदलते आणि गप्प बसते. सासूला सांगावे तर ‘लेकरं झाल्यावर असं व्हायचंच’ हे उत्तर ठरलेले. दवाखान्यात जावे तर तिथे बाळाच्या लसीची चौकशी होते, तिची होत नाही.

हिंगोली जिल्ह्यात अशा बाईची खरी परीक्षा शेतात असते. वसमत, औंढा, कळमनुरीच्या रानांत हळद काढायच्या दिवसांत ओणवे राहून कंद वेचायचे, भरलेली टोपली उचलायची. सोयाबीनच्या कापणीतही तेच. आडोसा नाही, धुवायला पाणी नाही. मग बायका त्यांच्यापरीने उपाय शोधतात: सकाळपासून पाणीच प्यायचे नाही. या उपायाने गळती थांबत नाही. लघवी दाट होऊन मूत्राशयाला टोचते, घाई वाढते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

मुळात बिघडते काय? ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा एक थर असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो आणि लघवी-शौचाची वाट आवळून धरतो. नऊ महिने या झोळीवर भार असतो. प्रसूतीत बाळ तिच्यातूनच बाहेर येते, तेव्हा ती कमालीची ताणली जाते. सिझेरियन झालेल्या बाईलाही हा त्रास होऊ शकतो, कारण नऊ महिन्यांचा भार तिनेही वाहिलेला असतो. बाळंतपणानंतर साधारण तीनपैकी एका स्त्रीला लघवीच्या गळतीचा त्रास होतो, असे जगभरच्या अभ्यासांतून दिसते. म्हणजे हा त्रास फार जणींना होतो. पण सर्रास आढळणारी गोष्ट सोसायलाच हवी, असे थोडेच आहे?

आपल्याकडे बाळंतिणीची काळजी घेतली जात नाही, असे नाही. सव्वा महिना शेक-शेगडी, तेलाचे मालिश, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, पोट बांधणे, सारे होते. पोट बांधल्याने आधार वाटतो, हे खरे. पण आतली सैल झालेली झोळी बांधून घट्ट होत नाही. तिला कामच द्यावे लागते.

हे काम अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडले. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळायचे आणि आत-वर ओढायचे. योगातला मूलबंध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याची कल्पना येईल. श्वास रोखायचा नाही. मांड्या, नितंब, पोट घट्ट करायचे नाही. सुरुवातीला तीन-चार सेकंद, पुढे सरावाने दहा सेकंदांपर्यंत धरायचे आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. खोकण्याआधी किंवा ओझे उचलण्याआधी एकदा आवळून घ्यायचे. मात्र लघवी करता करता मध्येच धार थांबवून रोज सराव करणे चूक. साधी प्रसूती झाली असेल तर दुखणे कमी झाल्यावर काही दिवसांतच सुरुवात करता येते; लघवीची नळी असेल तर ती काढल्यावर.

याचा गुण येतो का? कोक्रेन या संस्थेने 2018 मध्ये केलेल्या आढाव्यानुसार, खोकला किंवा ओझ्याने गळती होणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला, त्यांतील 56 टक्के स्त्रियांनी बरे झाल्याचे सांगितले. व्यायाम न केलेल्यांत हे प्रमाण 6 टक्के होते. हे आकडे केवळ बाळंतिणींचे नाहीत, तरी दिशा स्पष्ट आहे. अडचण एकच आहे. तोंडी सांगून पुष्कळ जणींना हे जमत नाही. स्नायू वर ओढण्याऐवजी त्या खाली जोर देतात आणि त्रास वाढवतात. म्हणून शिकवणारे आणि तपासणारे माणूस लागते. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर अशा प्रशिक्षणाचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो.

हिंगोलीला फ्रान्सची वाट पाहायची गरज नाही. आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या दारात आधीच जाते. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली. याच दांपत्याने 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते, की दोन गावांतील 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. बायका सांगत नाहीत, कारण त्यांना विचारले जात नाही.

आशाच्या भेटीत बाळाला दिवसातून सहा वेळा तरी लघवी होते का, हे विचारले जाते. 42 व्या दिवशी आईलाही एक प्रश्न विचारावा: ‘खोकताना, हसताना लघवी सुटते का?’ आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्यांनी फक्त विचारावे. शिकवण्याचे काम उपकेंद्रातल्या परिचारिकेकडे द्यावे आणि तिला त्याचे प्रशिक्षण मिळावे. 2024 मध्ये हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस बाळंतिणींसाठी महिला फिजिओथेरपिस्टची ओपीडी चालवणे ही काही मोठी मागणी नव्हे.

काही लक्षणांत मात्र व्यायामावर थांबू नये. लघवी रात्रंदिवस आपोआप झिरपत असेल, लघवीला आग होऊन ताप येत असेल, लघवी तुंबत असेल, शौचावर ताबा नसेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. आणि कुणी ‘पिशवी काढली की बरं वाटेल’ म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे. बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारला 2019 मध्ये समिती नेमावी लागली होती, हे मराठवाड्याने विसरू नये. गर्भाशय काढल्याने खालची झोळी घट्ट होत नाही.

पाणी न पिता रानात दिवस काढणाऱ्या बाईला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही. तिला एकाने विचारायला हवे आणि एकाने शिकवायला हवे. पुढचे तीन महिने ती स्वतः मेहनत घेईल. मेहनतीची तिला सवय आहे.