काकडीचे बी इथलेच बरे

सप्टेंबर उजाडला की, "भारतातून कोणी तवशाचे बी आणते आहे का?" अशी विचारणा आपल्या मंडळींत सुरू होते. कोकणातल्या तवशाची ओढ आम्हालाही आहे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे : बॅगेतून बी आणू नये. २०१४ साली नॉर्दर्न टेरिटरीत कॅथरीनजवळ कलिंगडाच्या मळ्यांत काकडीवर्गीय वेलींचा एक विषाणू सापडला. तो बियांतून पसरतो, मातीतही टिकतो आणि त्यावर औषध नाही. माणसाला अपाय नसला तरी शेतकऱ्याचे पीक जाते. त्यापेक्षा इथल्या नर्सरीतले लेबनीज काकडीचे बी घ्यावे, थंडी सरल्यावर सेंटिमीटरभर खोल पेरावे, पाणी नियमित द्यावे. ताण पडला तर काकडी कडवट होते. कोशिंबिरीची फोडणी तर आपलीच असणार!