विमानाचा अभिमान आणि नांगराचा विसर

सुशिक्षित घरांतून एक कथा मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. राइट बंधूंच्या आधी, १८९५ साली, शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविले, अशी ती कथा. तळपदे यांच्या उद्योगाविषयी आम्हास अनादर नाही. परंतु त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा आजवर कोणीही पुढे ठेवलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला प्राचीन विद्येसाठी दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकातील असून त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ सालीच दिला आहे.

राइट बंधू उडाले १९०३ साली. ते सायकलींचे दुकानदार. बेळगावात सायकलींच्याच दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्याच सुमारास लोखंडी नांगर घडविला. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. हा मातीचा थर उलथून तण गाडी. तरी 'लोखंडाने जमीन नासते' या समजुतीपायी गिऱ्हाईक मिळेना. अखेर शेतातील काम हीच त्याची साक्ष ठरली, आणि १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर कारखाना उभा राहिला.

कोणी म्हणेल, राष्ट्रास स्वाभिमान हवा. कथेच्या खरेखोटेपणाचा काथ्याकूट कशास? आमचे उत्तर असे की, खोट्या अभिमानाची किंमत खऱ्या कारागिराला मोजावी लागते. ज्याला पूर्वजांनी सर्व काही शोधून ठेवल्याचे समाधान लाभले, तो शेजारच्या लोहाराकडे कशास पाहील? बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात युसूफ वडगाव आहे. तशा कोरडवाहू मुलखात बैलजोडी पोसणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. म्हणून महाराष्ट्रातील खेड्यांत जुन्या सायकलीच्या चाकाला दांडी व पात जोडून कोळपे करतात. एकटा माणूस ते ढकलीत दोन ओळींमधील तण काढतो. ते प्रथम कोणी जुळविले, हे कोणी विचारीत नाही.

सायकलीच्या दुकानातून नांगर निघाला, विमानही निघाले. या कोळप्यातून काय निघेल, हे आज कोणी सांगावे? ज्याचा पुरावा नाही त्या उड्डाणाची कथा मुलांना सांगण्यापूर्वी, ज्याची खूण रानात दिसते त्या कोळप्यापाशी त्यांना एकवार नेऊन उभे करावे, एवढेच आमचे मागणे आहे.