आईबाबांना खेळू द्या की!

आमच्या पिढीला आईबाबांची काळजी फार. म्हणून आपण त्यांच्या मनगटावर बँड बांधतो आणि रोज रात्री फोनवर विचारतो, "आज पावलं किती झाली?" ऑफिसात मॅनेजर आपल्याला जे करतो तेच आपण घरी. स्टेटस रिपोर्ट!

बाबा तासभर पत्ते कुटत बसले तर मात्र तो टाइमपास. आईला पेटी शिकावीशी वाटली तर "आता या वयात कशाला?"

गंमत बघा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांचा अभ्यास २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच, यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. आता खेळल्यामुळेच तो टळला, असं काही यातून सिद्ध होत नाही.

पण खरं सांगू? उद्या हा फायदा शून्य निघाला तरी माझं मत बदलणार नाही. मेंढीकोटात चारही दश्श्या आपल्या जोडीकडे ओढल्यावर जो आनंद होतो, त्याला डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नसते. इतकी वर्षं नोकरी, मुलांच्या फिया, घराचे हप्ते... सगळं कुणासाठी तरी, कशासाठी तरी. आता एखादी गोष्ट निव्वळ मजा येते म्हणून करू द्या की. आणि कोणती, ते त्यांनाच ठरवू द्या. 'मेंदूला चांगलं' म्हणून आपण लावून दिलेलं सुडोकू हाही शेवटी गृहपाठच.

आपलं काम एवढंच, चौथा भिडू कमी पडला तर बसायचं. नाहीतर मुकाट्याने चहा ठेवायचा.