रांग कुणी लावली?

साक्षीदारानं बोट दाखवलं की आरोपी संपला. वकील गप्प, पेपरवाले खूष. पण बोट दाखवायच्या आधी रांग लागलेली असते. ती कुणी लावली, हे आपण विचारतो का?

नाशिकचा खटला घ्या. ५ जून २००३ च्या रात्री दरोडा पडला, पाच माणसं मारली, अत्याचार झाले. वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतनं चार जण ओळखले. त्या चौघांवर खटला नाही. उभे केले सहा दुसरेच, भटक्या जमातीतले, त्यातला एक तर तेव्हा अज्ञान. परेडमध्ये, कोर्टात हेच ओळखले गेले. २००९ साली सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी सुनावली. ५ मार्च २०१९ ला त्याच कोर्टानं सहाही निर्दोष सोडले. सोळा वर्षांचे प्रत्येकी पाच लाख. म्हणजे महिन्याला अडीच हजार आणि वर थोडी चिल्लर. गिरणीतला बदलीवाला एवढ्यात राबणार नाही.

त्या बाईला शिव्या घालू नका. तिचं घर बुडालं होतं. डोकं म्हणजे कॅमेरा न्हाई. खरा गुन्हेगार रांगेत नसला तरी माणूस त्यातल्या त्यात जुळणारा चेहरा उचलतो, हे अमेरिकेत गॅरी वेल्सनं १९८४ सालीच मांडलं. तिथं डीएनएमुळं सुटलेल्या पहिल्या अडीचशे कैद्यांत सुमारे तीन चतुर्थांश जणांना साक्षीदारांनी चुकीचं ओळखलं होतं. म्हणून परेड घेणाऱ्यालाच संशयित ठाऊक नसावा. 'तो इथं नसेलही' असं साक्षीदाराला आधी सांगावं. किती खात्री आहे ते तिच्याच शब्दांत जागेवर लिहावं.

आपल्याकडं नियम नाहीत असं नाही. मुंबई हायकोर्टाचं क्रिमिनल मॅन्युअल म्हणतं, एका संशयितामागं निदान सहा माणसं, दिसायला सारखी. कागदावर झकास! पण उन्हानं करपलेल्या, केस पिंजारलेल्या पोराशेजारी सहा इस्त्रीचे शर्टवाले उभे केले, तर आकडा भरला आणि न्याय मेला. ती परेड न्हाई, बोट दाखवायची सोय आहे.

१८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतःच रांगेत उभ्या केल्या. १९५२ साली तो कायदा गेला. आता शिरूर कासारच्या बाजारात उभं राहून विचारा, चोरी झाली तर पहिला संशय कुणावर? उत्तराला वेळ लागत नाही. पालावरच्यांचं नाव जिभेवरच असतं.

आपण मात्र निकालानंतर मोर्चा काढतो. तोवर चेहरा व्हॉट्सॲपवर फिरून साक्षीदाराच्या डोळ्यांत बसलेला असतो. कार्यकर्त्यांनो, पोरगं उचललं त्याच दिवशी वकिलाला गाठा. लेखी अर्ज द्या: तोंड झाकूनच ने-आण करा, फोटो कुणाला दाखवू नका, परेड लांबवू नका, रांगेतल्या प्रत्येकाचं वय, बांधा, कपडे पंचनाम्यात लिहा. आधी फोटो दाखवले असतील तर कुणाकुणाचे, आणि त्यातनं कुणाला ओळखलं, तेही मागा. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय ठाण्यातनं हलू नका.